लाल तोंडाच्या देवाची राख

माझ्या सासूबाई कोलकात्याहून आमच्याकडे बंगळूरला कायमच्या राहायला आल्या, त्या दिवशी त्यांच्या मांडीवर एक पितळी डबा होता. देवनहळ्ळीच्या विमानतळावरून जे. पी. नगरला येईपर्यंत टॅक्सीत त्यांनी तो एकदाही खाली ठेवला नाही. मी म्हटलं, "मा, द्या माझ्याकडे. हात अवघडले असतील." त्यांनी नुसती मान हलवली आणि डब्यावरचं लाल कापड आणखी घट्ट धरलं.

आम्ही दोघी एकमेकींशी हिंदीत बोलतो. मराठी त्यांना कळत नाही, म्हणून नवऱ्याने पुढच्या सीटवरून मागे वळून मला मराठीत सांगितलं, त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत. "तिकडे सिक्युरिटीवाल्याने डबा उघडायला सांगितला. हे काय आहे म्हणून विचारलं. आई काही बोललीच नाही. भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हात वर करून."

"हात वर करून?"

"हो. तसं कुणी सांगितलं नव्हतं."

डब्यात राख होती. माणसाची नाही, उदबत्त्यांची. पण ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं, आणि खिडकीबाहेर येलहंक्याचा उड्डाणपूल मागे पडत असताना मी त्या डब्यापासून जरा सरकून बसले होते, हे खरं.

मी बंगळूरचीच. आमचं घराणं इथे तीन-चारशे वर्षांपूर्वी आलं असं घरात सांगतात. चिकपेटेच्या मागच्या गल्लीत आमचं शिवणकामाचं दुकान होतं. घरात मराठी, तीसुद्धा अशी की पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात, दुकानात कन्नड. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. नवरा कोलकात्यात जन्मलेला, चिनी वंशाचा, तिथल्या चौथ्या पिढीचा. दातांचं शिकायला बंगळूरला आला आणि डॉक्टर होऊन इथेच राहिला. लग्न करायचं म्हणून मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ कात्री पुसत बसले आणि एवढंच म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण त्यांचा देव कुठला?"

तो मलाही ठाऊक नव्हता. देव मी लग्नानंतर पाहिला, आणि घाबरले.

कोलकात्याच्या जुन्या चिनी वस्तीत एका अरुंद गल्लीत ते देऊळ आहे. दारावरच्या पाटीवर इंग्रजीत 'चर्च' असं लिहिलंय. मला वाटलं आपण चुकून भलतीकडे आलो. नवरा म्हणाला, "इथे सगळ्या चिनी देवळांना चर्चच म्हणतात. इंग्रजांनी कागदावर तसं लिहिलं, मग कुणी बदललंच नाही." लाकडी जिना चढून वर गेलो. वर अंधार होता, आणि छतापासून टांगलेल्या मोठमोठ्या गोल उदबत्त्या वेटोळं घालून सावकाश जळत होत्या. त्यांची राख मधूनच आपल्या खांद्यावर पडते. दोन्ही बाजूंना पितळी भाले आणि परशू ओळीने उभे. समोर सोनेरी कोरीवकामाच्या कमानीखाली देव बसलेला: लाल तोंड, छातीपर्यंत काळी दाढी, डोळे अर्धवट मिटलेले.

"हा लढाईचा देव," सासूबाई म्हणाल्या. "आणि दिलेला शब्द पाळणाऱ्यांचा. याचे डोळे पूर्ण उघडले की समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून मूर्तीत ते मिटलेलेच ठेवतात."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, जणू दुधावर साय धरते असं काही सांगत होत्या. मी त्यानंतर देवाच्या छातीच्या वर पाहिलंच नाही.

मग त्यांनी माझ्या हातात एक बांबूचं नळकांडं दिलं. आत खूप काड्या, प्रत्येकीवर आकडा. गुडघ्यावर बसायचं, मनात प्रश्न धरायचा आणि एकच काडी बाहेर पडेपर्यंत नळकांडं हलवत राहायचं. काडी पडली. ती खरी की नाही हे देवाला पुन्हा विचारायचं असतं. त्यासाठी चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतात. एक पालथा आणि एक उताणा पडला म्हणजे 'हो'. 'हो' आलं. सासूबाईंनी त्या आकड्याचा कागद भिंतीवरच्या खणातून काढला, वाचला आणि मेणबत्तीवर धरून जाळून टाकला.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"ठीक आहे सगळं," त्या म्हणाल्या.

परतीच्या आगगाडीत दिवसभर तो कागद माझ्या मनातून जाईना. शेवटी नवऱ्याला विचारलं तर तो हसायला लागला. "अगं, त्यावर जुनी कविता असते. आईला ती अर्धीसुद्धा वाचता येत नाही. ती फक्त वरचा शब्द बघते, उत्तम की मध्यम की वाईट. वाईट कागद घरी आणायचा नसतो, तिथेच जाळायचा. तुझा वाईट होता म्हणजे." त्याला वाटलं मला धीर आला असेल.

तर त्या देवळाची राख आमच्या घरी आली. सासूबाईंचं माहेर त्या देवळाचं राखणदार. आधी त्यांचे वडील, मग भाऊ, भाऊ कॅनडाला गेल्यावर त्या स्वतः. रोज पहाटे दार उघडायचं, दिव्यात तेल घालायचं, चहाचे तीन पेले भरायचे, तीन उदबत्त्या लावायच्या. त्यांचे गुडघे गेले आणि तो जिना चढवेना, तेव्हा वस्तीतल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांनी पगारी माणूस ठेवला. मा म्हणाल्या, "मग मी जाते. पण राख घेऊन जाते."

नव्या जागी देव बसवायचा तर जुन्या देवळातल्या उदबत्तीच्या पात्रातली राख आणावी लागते. ती नव्या पात्रात घालायची आणि तिच्यात पहिली उदबत्ती रोवायची. कोलकात्याचं देऊळही असंच उभं राहिलं होतं. चीनच्या दक्षिणेकडून सुतार जहाजांवर काम करत आले, त्यांतल्या कुणीतरी आपल्या गावच्या देवळातली राख कापडात बांधून आणली. खाली हॉलमध्ये सगळे सुतार झोपायचे, वर देव. जो मरेल त्याचं नाव लाकडी पाटीवर कोरून देवाशेजारी ठेवायचे. वर्षाच्या पहिल्या दिवशी सिंहाचा नाच निघायचा तोही आधी या देवापुढे वाकायचा आणि मगच गल्लीत जायचा. सासूबाई हे सांगत तेव्हा 'आमच्या घरी' म्हणत. त्यांनी 'देऊळ' म्हटलेलं मला आठवत नाही.

आम्ही हॉलच्या कोपऱ्यात, टीव्ही होता तिथे, एक उंच टेबल मांडलं. डब्याबरोबर वीतभर उंचीची लाकडी मूर्तीही आली होती. तीच दाढी, तेच डोळे. पहिल्या दिवशी मांनी राख पात्रात चमच्याचमच्याने घातली, कणही खाली सांडू दिला नाही. उदबत्ती लागली, धूर सरळ वर गेला, आणि त्यांनी हुश्श केलं. मी मात्र रोज सकाळी उठले की आधी मूर्तीचे डोळे बघायची. मिटलेले आहेत ना, मग गॅसपाशी जायची. मी शिकलेली बाई आहे, शाळेत गणित शिकवते. तरी बघायची.

ही भीती मात्र लहान होती. मोठी मला मांकडून लागली.

त्या आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की दाराची बेल वाजली की मा जागच्या जागी थांबतात. हातात वाटी असेल तर वाटी तशीच हवेत. दूधवाला आहे, कुरियर आहे, असं मी मोठ्याने सांगेपर्यंत हलत नाहीत. खाली गेटवर पहारेकरी खाकी शर्ट घालून बसायचा, त्याच्यासमोरून जाताना त्या माझा दंड धरायच्या. कपाटात त्यांची एक कॅनव्हासची पिशवी होती, नेहमी भरलेली. मला वाटलं परत जायची तयारी ठेवली असेल, आमच्याकडे मन रमत नसेल.

एकदा हिवाळ्यात आम्ही दोघी बाल्कनीत अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं, "मा, देवळातला दिवा कधी विझला होता का?"

"एकदा," त्या म्हणाल्या. आणि शेंगा सोलता सोलताच सांगितलं.

त्या तेव्हा लहान होत्या, शाळेत जायच्या वयाच्या. बासष्ट साल, चीनशी युद्ध झालं होतं. सकाळची वेळ. वडील देवापुढे चहाचे पेले भरत होते. दोन भरून झाले आणि पोलीस वर आले. वडील म्हणाले, तिसरा भरू द्या. एका पोलिसाने त्यांच्या हातातून किटली घेतली आणि खाली ठेवली.

"रागाने नाही," मा म्हणाल्या. "अगदी हळू ठेवली. मला तेच आठवतं. किटलीचा आवाजसुद्धा झाला नाही."

चिनी म्हणजे शत्रूची माणसं, म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी सगळ्यांना नेलं. मग आगगाडी, कितीतरी दिवस. स्टेशनांवर माणसं जमून खिडक्यांवर दगड मारत होती. शेवटी वाळवंटातली छावणी. तिथे त्यांची धाकटी बहीण तापाने गेली. काही वर्षांनी सोडलं तेव्हा कोलकात्याला परत आल्या. देवळाला कुलूप होतं. आत उंदीर, जाळी, दिवा कोरडा. उदबत्तीच्या पात्रात राख ओल धरून दगड झालेली. वडिलांनी बोटांनी ती फोडली. खाली खोलवर ती कोरडी होती. "त्यांनी ती गालाला लावून पाहिली," मा म्हणाल्या. "म्हणाले, आहे. मग दिवा लावला."

त्यांनी सोललेले दाणे माझ्या पातेल्यात ओतले.  त्या दिवशी मला त्या पिशवीचा अर्थ कळला, आणि त्या दिवसापासून बेल वाजली की मीही थांबायला लागले.

मग करोनाचं वर्ष आलं. सुरुवातीलाच एका रिक्षावाल्याने नवऱ्याचं तोंड बघून रिक्षा पुढे नेली. लिफ्टमध्ये एक बाई होत्या, रोज हसणाऱ्या. आम्ही आत शिरलो तशा त्या बाहेर पडल्या आणि जिन्याने गेल्या. बाजारात कुणीतरी मागून त्या रोगाचं नाव घेऊन ओरडलं. नवऱ्याने हे सगळं हसण्यावारी नेलं. त्याला तशी लहानपणापासून सवय होती. मग जूनमध्ये चीनच्या सीमेवर आपले जवान मारले गेले, आणि त्याचं हसणं बंद झालं. त्याच्या क्लिनिकच्या जागेचे मालक फोन करून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आमचेच आहात. पण स्वल्प दिवस बंद ठेवा. लोकांचं काही सांगता येत नाही."

दोन दिवसांनी दुपारी आमच्या कोपऱ्यावर घोषणा ऐकू आल्या. मी बाल्कनीत गेले. पंधरा-वीस माणसांनी रस्त्याच्या मधोमध एक टीव्ही, खेळणी, मोबाईलचे खोके असं काहीबाही रचलं होतं आणि त्यावर रॉकेल ओतलं होतं. ज्वाळा निघाल्या. प्लास्टिकचा काळा धूर आमच्या मजल्यापर्यंत आला. "चीन" हा शब्द कुठल्याही भाषेत तसाच ऐकू येतो. मी मागे वळले तर मा माझ्या मागेच उभ्या होत्या.

"आत चला," मी म्हटलं.

त्या धुराकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि देवापुढचा दिवा हाताच्या आडोशाने झाकून बसल्या, वारा नव्हता तरी.

मला लहानपणीचे दिवस आठवले. शहरात भाषेवरून काही पेटलं, बंद पुकारला, की अण्णा आम्हा बहिणींना बजावायचे: "आज बसमध्ये मराठी बोलायचं नाही. अक्काला हाक मारायची तर कन्नडमध्ये मारायची." दुकानाच्या आतल्या बाजूला लावलेलं मराठी कॅलेंडर ते उतरवून ठेवायचे. म्हणून मला वाटायचं, ही भीती आपल्याला माहीत आहे. ती मला माहीत नव्हती. मी तोंड मिटलं की मी कोण हे कुणाला कळत नसे. मांनी तोंड मिटलं, वर मास्क बांधला, तरी डोळे उघडेच राहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. नवरा अंघोळीला गेला होता. मी दाराच्या भिंगातून पाहिलं: खाकी.  कडीवर हात ठेवून मी थांबले. पुन्हा बेल वाजली.

उघडलं. एक कॉन्स्टेबल होता, चाळिशीचा, मास्क हनुवटीवर ओढलेला. माझ्याकडे बघून जरा गोंधळला. "ओळगे यारिद्दारे?" आत कोण कोण आहे.

"नवरा आणि सासूबाई," मी कन्नडमध्ये म्हटलं. "का हो सार?"

"कंप्लेंट बंदिदे, तक्रार आलीय. इथे चीनची माणसं लपून राहतायत म्हणून." त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. कोपऱ्यात उदबत्त्यांचा धूर, लाल कापड, लाल तोंडाचा देव. "हे काय आहे?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि मागे पावलं वाजली.

मा आल्या होत्या. अंगात एकावर एक तीन ब्लाऊज, वर स्वेटर, त्यावर कोट. जूनमध्ये. पायांत मोजे आणि बूट. हातात ती कॅनव्हासची पिशवी. इतक्या थोड्या वेळात त्यांनी हे सगळं कधी चढवलं मला कळलं नाही. नंतर लक्षात आलं, आतले तिन्ही ब्लाऊज आदल्या दुपारपासूनच अंगात होते. वर गाऊन होता म्हणून मला दिसले नाहीत.

त्या सरळ माझ्या पुढे जाऊन उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि कॉन्स्टेबलला हिंदीत म्हणाल्या, "मी तयार आहे. चला." मग माझ्याकडे न बघता बोट दाखवून म्हणाल्या, "ही आमच्यातली नाही. हिला नेऊ नका."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी परकं म्हटलं नव्हतं.  मी त्यांच्या पिशवीचा एक बंद धरला. त्या सोडवून घ्यायला बघत होत्या.

कॉन्स्टेबल एक पाऊल मागे सरला. "अय्यो," तो म्हणाला. "एनम्मा इदु, हे काय? मी कुठे न्यायला आलोय? बसा अज्जी, बसा." त्याने घाईघाईने मास्क वर चढवला. तोपर्यंत नवरा ओल्या केसांनी बाहेर आला. आधार कार्डं दाखवली, कॉन्स्टेबलने मोबाईलवर त्यांचे फोटो काढले. जाताना खाली बघत म्हणाला, "कंप्लेंट लिहून दिलीय, म्हणून साहेबांना एकदा दाखवावं लागेल. उद्या स्टेशनला या. अज्जींना पण आणा. पाच मिनिटांचं काम."

ती रात्र आम्हा तिघांपैकी कुणी झोपलं असेल असं मला वाटत नाही, पण तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी मांनी देवापुढे ते दोन लाकडी तुकडे टाकले. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा दोन्ही उताणे पडले. त्याचा अर्थ देव हसतोय, उत्तर देत नाही. "त्याला हसू येतंय," मा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता की काय, मला ओळखता आलं नाही.

पोलीस स्टेशनच्या पायऱ्यांशी त्या थांबल्या. नवरा म्हणाला, "आई, मी आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "दिव्यात तेल किती आहे?"

"भरून आलेय, मा."

"संध्याकाळपर्यंत पुरेल?"

"पुरेल."

मग त्या चढल्या. आत साहेब बोलायला चांगले होते. कार्डं पाहिली, कोलकात्याचा पत्ता विचारला, शिक्का मारला. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बंगलोर कैसा लगा, माताजी?"

"ठंडा," मा म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरून कोटात घाम ओघळत होता.

तेवढंच. आम्ही बाहेर आलो. खरंच पाच-दहा मिनिटांत झालं होतं, आणि मला रडू आवरेना. नवरा म्हणाला, "झालं ना आता?" मला त्याला सांगता आलं नाही की झालेलं नाही. कंप्लेंट कुणी लिहून दिली होती? आजवर कळलेलं नाही. लिफ्टमधल्या बाई, वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, खालचा दुकानदार, सगळे पुन्हा हसून बोलायला लागले, आणि मी प्रत्येकाच्या हसण्याकडे बघत राहिले. तीन-चारशे वर्षं ज्या गावात काढली असं आमच्या घरात सांगतात, तिथे मी आता पावलाखाली बघून चालत होते.

मांना त्याच संध्याकाळी ताप भरला. त्या दिवसांत ताप म्हणजे दुसरीच धास्ती. तपासणी झाली, तो रोग नव्हता. पण उठायची ताकद राहिली नाही. पलंगावरून त्या मला सांगायच्या आणि मी करायची: आधी दिवा, मग चहा. पेला काठोकाठ भरायचा नाही. तीन उदबत्त्या डाव्या हाताने रोवायच्या, मधली आधी. मी पहिल्यांदा केलं तेव्हा राख इतकी मऊ लागली की मी दचकून हात काढला. तिसरा पेला भरताना दर सकाळी माझे कान दाराकडे असत.

आठवड्याने दुपारी बेल वाजली. भिंगात तोच कॉन्स्टेबल.

मी नवऱ्याला खुणेने बोलावलं. आतल्या खोलीत पलंग करकरला. मा उठत होत्या. दार उघडलं तर कॉन्स्टेबलने एका हाताने गाल धरला होता. मास्कच्या बाजूने जबडा पेरूएवढा सुजलेला दिसत होता.

"डॉक्टर आहेत का?" तो कसाबसा म्हणाला. "चार दिवस झाले. सगळी क्लिनिकं बंद. तुमच्या दारावरची दातांच्या डॉक्टरची पाटी आठवली."

नवऱ्याने त्याला खिडकीपाशी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं. हातमोजे, तोंडावर प्लास्टिकची ढाल, माझ्या हातात टॉर्च. कॉन्स्टेबलने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. बोटं पांढरी पडली. "डॉक्टर, नोवागत्ता?" त्याने विचारलं. दुखेल का. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आज फक्त बघतो. आ करा."

मा बोळातून पुढे आल्या, भिंत धरून. स्वेटर होता, पिशवीही होती. त्यांनी पाहिलं ते असं: खाकी कपड्यातला माणूस तोंड वासून, मान मागे टाकून बसलाय आणि त्यांचा मुलगा त्याच्या तोंडात चमचा घालून बघतोय. त्या कितीतरी वेळ हलल्या नाहीत. मग पिशवी खाली ठेवून देवापाशी गेल्या आणि उदबत्त्या पेटवल्या. त्यांची वेळ झाली नव्हती.

गोळ्या लिहून दिल्यावर कॉन्स्टेबल उठला. दाराशी जाता जाता देवापुढे थांबला, बूट काढले आणि हात जोडले. मला हळूच विचारलं, "याव देवरु?" कुठला देव.

मी कन्नडमध्ये सांगितलं, लढाईचा देव आहे, शब्द पाळणाऱ्यांचा. मांनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं.  मग जमिनीकडे बघत, त्याच्याशीच, हिंदीत म्हणाल्या, "माझी मावशी हाँगकाँगला होती. तिथे पोलीस चौकीतही हाच देव असतो. पोलीसपण पूजा करतात."

"हौदा, खरंच? पोलीसरू?" कॉन्स्टेबलला हसू आलं आणि लगेच कळ आली. त्याने गाल धरला, मांना नमस्कार केला आणि गेला.

दार लावल्यावर मा खुर्चीत बसल्या.  

"हा पुन्हा येणार?" त्यांनी विचारलं.

"इथे नाही. सूज उतरली की क्लिनिकमध्ये. दात काढायचाय."

"दुखेल त्याला?"

"इंजेक्शन देतात, मा. फारसं नाही दुखत."

त्यांनी विचार केला. "थोडं दुखलं तरी चालेल," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी नवऱ्याने मालकांना न विचारता क्लिनिक उघडलं, फक्त त्या एका दातासाठी. मा दुपारभर बाल्कनीत रस्त्याकडे तोंड करून बसल्या. मी चहा नेऊन दिला तो तसाच गार झाला. त्या कशाला घाबरत होत्या हे मी विचारलं नाही. मी स्वतः दर थोड्या वेळाने फोन बघत होते. संध्याकाळी नवरा आला, बूट बाहेर काढले, हात धुतले. मा त्याच्या मागे मोरीपर्यंत गेल्या.

"निघाला दात?"

"निघाला."

"ओरडला का?"

"नाही. माझं मनगट धरून बसला होता सगळा वेळ. सोडेच ना."

मांनी त्याचा हात उजेडात धरून मनगट उलटसुलट करून पाहिलं. मग स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, भात जरा जास्त टाक, आज भूक लागली आहे.